ताटाबाहेरचा बेदाणा

वर्तमानपत्राच्या कार्यालयात तक्रार घेऊन येणारा माणूस बहुधा स्वतःच्या नावासाठी येतो. नाव चुकलं, नाव गाळलं, नाव दुसऱ्या कुणाच्या खाली छापलं. सर आले ते काचेची तक्रार घेऊन.

आमच्या सातारा आवृत्तीच्या रविवारच्या पुरवणीत एका चौकटीत मजकूर आला होता. काच हा खरं तर द्रव आहे, ती अतिशय सावकाश वाहते, म्हणून जुन्या इमारतींच्या खिडक्यांच्या काचा खालच्या बाजूला जाड असतात, असा. सोमवारी सर काखेत एक चौकोनी पुडकं धरून जिना चढून आले. आत जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली खिडकीची काच होती. ती त्यांनी माझ्या टेबलावर आडवी ठेवली.

"माझ्या घरातली आहे. आज सकाळी काढली. जाड कड कुठली, बोटानं बघून सांगा."

मी सांगितलं.

"ही कड खिडकीत वरच्या अंगाला होती. म्हणजे तुमच्या मजकुराप्रमाणे माझ्या घरची काच वरच्या दिशेनं वाहते. ही बातमी छापता का?"

शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, "सर, एवढीशी चौकट. कोण वाचतं ती?"

"मी वाचली," सर म्हणाले. "काच वाहत नाही. वाहायची थांबली म्हणून तर तिला काच म्हणायचं. पूर्वी काचेचे तक्ते एकसारखे निघत नसत. बसवणारा सुतार जड कड खाली ठेवी. माझा सुतार बेफिकीर होता, एवढाच काय तो फरक."

दुरुस्ती छापली गेली. सरांनी आभार मानले नाहीत. आठवडाभरानं पुन्हा आले आणि दुरुस्तीतही 'घनरूप' हा शब्द ढिला वापरला आहे, असं सांगून गेले.

पुढे मला खोली बदलायची होती, तेव्हा त्यांच्या डोक्यावरची खोली रिकामी असल्याचं कळलं. घरमालक पुण्यात असत. खाली सर, वर मी, अशी आमची काही वर्षं गेली. सर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत. लग्न केलेलं नव्हतं. सहकारी म्हणत, यांचं लग्न साखरेशी लागलंय. हे सरांच्या कानावर गेलं होतं आणि त्यांना ते गैर वाटत नव्हतं.

साखरेचं प्रकरण असं होतं. साखर वितळवली आणि तिला खडे धरू न देता थंड केली, तर ती गोठायला हवी तिथे गोठत नाही. आणखी थंड होते, घट्ट होत जाते, पण आतून तिची घडी बसलेली नसते. अशा द्रवाला अतिशीत म्हणतात. तो आणखी गार केला की एका टप्प्यावर जागच्या जागी अडकतो आणि काच होतो. लिमलेटची गोळी म्हणजे साखरेची काच. सरांच्या शर्टाच्या खिशात एका बाजूला अशी गोळी आणि दुसऱ्या बाजूला खडीसाखर असायची. वर्गात ते दोन्ही अडकित्त्यानं फोडून दाखवत. खडीसाखर सपाट पैलूंवर तुटायची, गोळी बाटलीच्या काचेसारखी वेडीवाकडी. "माल एकच," ते म्हणत. "हिला बसायला वेळ मिळाला, हिला मिळाला नाही."

'बसणं' हा त्यांचा शब्द होता. कुणी विचारलं, सर कसे आहात, तर ते म्हणत, "बसतोय अजून."

पावसाळ्यानंतर ते वर्गाला कासच्या पठारावर नेत. बाकीचे लोक फुलं बघायला येत, सर मुलांना डबकी दाखवत. कातळावर प्रत्येक खळग्यात पाणी साचलेलं असायचं. "खाली दरी आहे, पण या पाण्याला ती ठाऊक नाही," ते सांगत. "मिळाला त्या खळग्यात ते थांबलंय. कड ओलांडायची तर कुणीतरी ढवळायला पाहिजे. द्रव गरम असतो तेव्हा रेणूंना आतूनच ढवळ मिळते, ते या खळग्यातून त्या खळग्यात जातात. गार होत गेला की ढवळ कमी पडते. मग जो जिथे आहे तिथे राहतो. त्याला वाटतं, हाच तळ." ऊर्जेचा भूप्रदेश असं त्याचं शास्त्रीय नाव फळ्यावर लिहिलं असतं तर मुलं विसरली असती. साताऱ्यात आज चाळिशीला आलेली माणसं भेटतात, त्यांना सरांचं दुसरं काही आठवत नाही, डबकी आठवतात.

त्यांचा स्वतःचा प्रयोग एका भांड्यात होता. कायम एकाच तापमानावर ठेवलेलं पाण्याचं भांडं. त्यात बुडवलेली नळी, नळीत साखरेची काच, तिच्याभोवती पारा, आणि वर केसाएवढ्या बारीक नळीत चढलेला पाऱ्याचा धागा. तापमान असं राखलेलं, की साखर मऊ पडायला थोडं कमी पडावं. अडकलेले रेणूसुद्धा अगदीच स्वस्थ नसतात. वर्षानुवर्षं एखाददुसरा सरकतो, आणखी खोल खळग्यात उतरतो, आणि साखर कणभर आकसते. पारा कणभर खाली येतो. हा उतार कुठे संपतो का, एवढाच सरांचा प्रश्न होता. रोज सकाळी ते भिंगातून धागा बघत. बघताना श्वास धरत.

लाइट जाण्याच्या दिवसांत घरात इन्व्हर्टर होता, पण तो भांड्यासाठी. पंखा त्यावर नव्हता. पाहुणे घामाघूम होऊन बसत आणि सर त्यांना भांडं कसं निवांत आहे ते दाखवत. मला एकच अट होती. जिना उतरताना शेवटच्या पायरीवरून उडी मारायची नाही.

एकदा घरावरून लग्नाची वरात चालली होती. सर रस्त्यात उभे राहिले आणि बँडवाल्यांना हात जोडून म्हणाले, "एवढं घर ओलांडेपर्यंत थांबवा."

ढोलवाला वरमला. "घरात कुणी आजारी हाय का सर?"

"आजारी नाही. बसतंय."

त्याला काय समजलं कुणास ठाऊक. त्यानं मागच्यांना खूण केली, आणि ती वरात आमच्या दारावरून मयताला आल्यासारखी गप्प गेली. नवऱ्या मुलानं घोड्यावरूनच आमच्या दाराकडे बघून नमस्कार केला.

हे सगळं निवृत्तीनंतरचं. ते निवृत्त झाले त्या दिवशी कॉलेजनं शाल आणि नारळ दिला. प्रयोगशाळेतून भांडं घरी न्यायचं होतं, कारण प्रयोग तेव्हा तिथे चाले. सरांनी हातगाडी बोलावली, त्यावर बॅटरी ठेवली, बॅटरीला जोडलेलं भांडं सत्काराच्या शालीत गुंडाळलं, आणि राजपथावरून एका हातानं ते सावरत चालू लागले. गळ्यात हार तसाच. मागे प्राचार्य आणि सगळा स्टाफ, कारण निरोप पूर्ण व्हायचा होता. घरी आल्यावर त्यांनी भिंगातून पाहिलं. पाऱ्याचा धागा हिसक्यानं तुटला होता. कॉलेजातली सगळी वर्षं त्या दिवशी वाया गेली. सर एवढंच म्हणाले, "आता पहिल्यापासून." साखर पुन्हा वितळवली, पुन्हा गार केली, आणि तेव्हापासून भांडं जागचं हललं नाही.

सरांचं गाव सांगली जिल्ह्यात, कृष्णेच्या काठाला. तिथे त्यांची थोरली बहीण राहायची. सगळं गाव तिला आक्का म्हणे. नवरा फौजेत सुभेदार होता, तो गेल्यावर ती माहेरच्या घरी येऊन राहिली होती. सर महिन्या-दोन महिन्यांनी एसटीनं तिला भेटून संध्याकाळच्या आत परतत. भांड्यामुळे मुक्काम करत नसत.

अशाच एका फेरीला मी बरोबर होतो. गाडी कराडला गच्च भरली. पुढे एका फाट्यावर मागच्या बाकावरची म्हातारी उतरायला उठली आणि मधेच अडकली. कंडक्टर ओरडत होता, "सरका रं, वाट द्या आजीला!" प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघत होता. कुणालाच सरकायला जागा नव्हती. सर बाकावर उभे राहिले.

"आवं बाई, ती पिशवी मांडीवर घ्या. गड्या, तू अर्धा पाय तिथं टाक. मामा, तुमी या पोराच्या जागेवर या, पोरा तू मामांच्या. आता टोपीवाले, तुमी वळा नुसते. व्हय, वळा."

सहासात माणसं वीतभर हलली आणि म्हातारी दारात पोचली. कंडक्टर म्हणाला, "सर, आता तिकिटं पण तुमीच फाडा."

खाली बसल्यावर सर मला म्हणाले, "घट्ट द्रवात हे असंच असतं. प्रत्येक रेणू शेजाऱ्यांच्या पिंजऱ्यात. एकट्याला हलता येत नाही. काही जणांनी मिळून थोडं थोडं हलावं लागतं. किती जणांनी, ते शोधणं हेच काम." त्यांना गंमत वाटत होती. गावात पोचेपर्यंत ती पुरली.

कारण गावात खरंच तसा पेच होता. महापुरात नदीकाठच्या गल्लीत पाणी छपराला लागलं होतं. आक्कांना कौलं काढून वरून ओढून नावेत घ्यावं लागलं. त्यांचा एक गुडघा तेव्हापासून कामातून गेला. नंतर वरच्या माळावर सगळ्यांना जागा मिळाल्या. बाकीचं गाव हळूहळू वर गेलं. ही एक गल्ली राहिली. घरं बांधून तयार होती, कुलपं लावलेली होती, आणि माणसं खालीच होती. पुन्हा पाणी आलं तर आक्कांना दुसऱ्यांदा छपरातून काढता येणार नव्हतं, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं.

सरांनी त्या दिवशी गल्लीतल्यांना आक्कांच्या सोप्यात बोलावलं. एकेकाला विचारलं.

गाद्या भरणारे चाचा म्हणाले, "माझं काय नाय सर. गिरण वर गेली की मी त्याच दिवशी. दळण टाकून बसलेली माणसंच माझी गिऱ्हाईकं. गिरण खाली आन् मी माळावर, तर मी गाद्या कुणाला दाखवू, सशांना?"

गिरणवाला म्हणाला, "मोटर मी उद्या उपसतो. पण माझी आई आक्कांना सोडून हलत न्हाई. सकाळी दोघी गुडघ्याला गुडघा लावून बसल्याबिगर तिला अन्न जात न्हाई. आक्का निघू द्यात, आमी निघालोच."

आणि आक्का म्हणाल्या, "चाचाची बायकू माझ्या गुडघ्याला तेल लावती. ती इथं आन् मी तिथं, तर मला उठवणार कोण? ती गेली की मी जाईन."

बाकीची घरं या तिघांकडे बघून होती. सरांनी ताट मागितलं, बेदाण्यांचा डबा उघडला आणि ताटात एकेका घरासाठी एकेक बेदाणा मांडला. हा याच्यावाचून हलत नाही, तो त्याच्यावाचून. बेदाण्यांचं बंद कडं झालं. सर खूश झाले.

"बघा, कुणी पहिलं जायचं हा प्रश्नच चुकीचा आहे. पहिलं कुणी जाऊच शकत नाही. सगळ्यांनी एका दिवशी हलायचं. एका वेळी. मधे कुणाचं रिकामं घर कुणी बघायचं नाही."

चाचा म्हणाले, "बरोबर हाय." गिरणवाला म्हणाला, "हे लय बेस झालं."

आक्का ताटाकडे बघत होत्या. "ह्यात तू कुठाय?"

"मी? मी सातारला असतो."

"ते माहीत हाय मला. ह्यात कुठाय?"

आक्कांनी डब्यातून एक बेदाणा घेतला आणि ताटाच्या बाहेर, फरशीवर ठेवला.

"ह्यो ताटात आल्याबिगर मी हलत न्हाई."

"आक्का, तिथं माझा प्रयोग आहे. भांडं हलवलं तर सगळं मोडतं."

"आन् आमचं काय मोडत न्हाई? ह्या घरात आई गेली, बाप गेला. सगळ्या गल्लीची घरं हलवायला आलास व्हय मास्तर? तुला एक भांडं हलवत न्हाई."

चाचांनी हसू आवरायला तोंडावर पंचा धरला. गिरणवाल्यानं बाहेर बघितलं. सरांनी फरशीवरचा बेदाणा उचलला, हातात धरला, आणि काय करावं ते न सुचून खाल्ला. त्यावर मात्र सगळे मोकळेपणानं हसले. आक्का सोडून.

नंतर काही दिवस त्यांनी भांड्याला जीपमधून कसं नेता येईल याचा विचार केला. दवाखान्यातून रबराच्या गाद्या आणल्या, मला जिन्यावर उड्या मारायला लावल्या आणि खाली धाग्याकडे बघत बसले. धागा थरथरत होता. मी म्हटलं, तुम्ही जा, रोजचं वाचन मी घेत जाईन. ते म्हणाले, "तुमचा डोळा वेगळा. मधेच डोळा बदलला की आकड्यांना अर्थ राहत नाही." हे खरं असावं. पण ते म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्याइतकं आयुष्य शिल्लक नाही, हे ते माझ्यापेक्षा चांगलं जाणत होते. उन्हाळा संपत आला होता. आक्कांचा फोन येत नव्हता. सरही करत नव्हते.

एका सकाळी त्यांनी मला खाली बोलावलं. भांड्याजवळ दोन खुर्च्या मांडल्या होत्या.

"बसा. एकदाच दिसणार आहे."

त्यांनी उष्णता वाढवायचं बटण फिरवलं. पाणी तापत गेलं. बराच वेळ काही झालं नाही, मग पाऱ्याचा धागा वर चढू लागला. नुसत्या डोळ्यांनी दिसत होता, भिंग लागलं नाही. जो उतार उतरायला वर्षं लागली होती, तो आमचा चहा संपायच्या आत मागे पडला. नळीतली साखर मऊ होऊन कडेकडेनं गोलावली.

"हिला आता काही आठवत नाही," सर म्हणाले. "कधी गार केली, किती बसली, काही नाही. तापलं की सगळं पुसलं जातं. हे पुस्तकात आहे. मी कधी पाहिलं नव्हतं."

"तळ लागला असता का?" मी विचारलं.

"मला दिसला नसता." त्यांनी बटण बंद केलं. पारा कॉलेजला परत पाठवला, भांडं आणि इन्व्हर्टर प्रयोगशाळेला दिला. मग शेजाऱ्यांकडून मोठ्या आवाजाचा पंखा मागून आणला आणि त्याखाली दुपारभर झोपले.

गल्ली हलली त्या दिवशी मी रजा काढून गेलो होतो. ट्रॅक्टर दारात लागले होते, पण कुणी काही उचलत नव्हतं. गिरणीची मोटर उपसून बाहेर ठेवलेली होती आणि गिरणवाला तिच्यावरच बसला होता. चाचा पिंजायची धनुकली खांद्यावर घेऊन आत-बाहेर करत होते. सगळ्यांचं लक्ष एसटी थांबते त्या वळणाकडे होतं. सर एक लोखंडी ट्रंक आणि वळकटी घेऊन उतरले.

आक्का उंबऱ्यात काठी धरून उभ्या होत्या. "भांडं?"

"न्हाई," सर म्हणाले. गावच्या बोलीत मी त्यांना आक्कांशी प्रथमच बोलताना ऐकलं.

आक्कांनी मागे वळून कोनाड्यातले देव ओटीत घेतले. त्याबरोबर सगळ्या दारांतून भांडी, बिछाने, शेळ्या, पोरं एकदम बाहेर आली आणि इतका गोंधळ झाला, की चाचांची एक गादी गिरणवाल्याच्या ट्रॅक्टरवर गेली आणि त्याची आई चाचांच्या ट्रॅक्टरवर.

दोन पावसाळ्यांनंतर माझी बदली सांगलीला झाली. त्या वर्षी नदी पुन्हा चढली. मी पुराच्या बातम्यांसाठी फिरताना त्या गावी गेलो. माळावरून गल्ली दिसत होती. छपरांच्या फक्त कडा वर होत्या. कुणीही अडकलेलं नव्हतं. मी कार्यालयात फोन करून तसं सांगितलं, तेव्हा पलीकडून विचारणा झाली, "मग यात बातमी काय?"

आक्कांच्या नव्या घराच्या ओट्यावर सर खुर्ची टाकून बसले होते. गिरण समोर चालू होती. चाचा दळणाला आलेल्या एका बाईला गादीचं कापड दाखवत होते. सर जरा वाळले होते. मी त्यांच्या शेजारी बसलो. साताऱ्यात कॉलेजच्या नव्या मुलांनी सरांचं भांडं पुन्हा लावलं आहे, त्यांना कुणी दाखवणारं हवं आहे, असं मला कळलं होतं. ते मी सांगितलं. सर सावरून बसले. नळी कुठली वापरली, तापमान किती धरलं, असं विचारू लागले.

"मग जाता का पाणी उतरल्यावर?" मी विचारलं. "राहायला माझी वरची खोली आहे, ती मी अजून सोडलेली नाही."

सरांनी तोंड उघडलं. तेवढ्यात आतून आक्कांचा आवाज आला.

"त्याला इचारू नगा, साहेब. मला इचारा. पाणी उतरल्यावर हा तिकडं निघाला, तर आमी सगळी निघालो खाली."

चाचांनी कापडाची घडी तशीच हातात धरली. गिरणवाल्यानं पट्टा सोडला, आणि गिरण थांबली. सगळे सरांकडे बघत होते.

सरांनी खाली पाण्याकडे पाहिलं, मग एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं.

"दळ रं," ते गिरणवाल्याला म्हणाले. "बाईचं दळण खोळंबलंय."